आकृती वाचायला कोण शिकवणार?

१९८७ साली ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक छोटा माहितीपट निघाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी झगे घालून मिरवणाऱ्या नव्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांनाही गाठून त्यात अगदी शाळकरी प्रश्न विचारले होते. ऋतू का होतात? चंद्राच्या कला का दिसतात? २३ जणांपैकी २१ जणांची समजूत चुकीची निघाली. पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा, हे उत्तर तर तिथे मोठ्या आत्मविश्वासाने दिलं गेलं.

प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. त्याच दिवसांत निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर, ती जुलैच्या सुरुवातीला असते. ऋतू होतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. हे पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं, मुलं ते उत्तरपत्रिकेत लिहितातही. डोक्यात मात्र वाक्याऐवजी पानावरचं चित्र राहतं : लांबट कक्षा, आत सूर्य आणि चार ठिकाणी चार पृथ्व्या. त्यांतल्या दोन जवळ, दोन लांब.

चित्रकाराची यात चूक नसते. समोर वाढलेलं गोल ताट आपल्याला बसल्या जागेवरून लांबट दिसतं, तसं त्याने पृथ्वीच्या कक्षेकडे तिरपं पाहिलेलं असतं. पण हे दृश्य तिरपं आहे, असं मुलाला कुणी सांगत नाही. ते त्याला वरून पाहिलेला नकाशा समजतं. १० सेंटिमीटर व्यासाची कक्षा प्रमाणात काढली, तर तिच्या लांबी-रुंदीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही फरक येत नाही. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच तो गडप होतो. सूर्य मध्यापासून जेमतेम ०.८ मिलिमीटर सरकतो. आकारांचं तर विचारूच नये. पृथ्वी १ मिलिमीटरचा मणी धरली, तर सूर्य साधारण ११ सेंटिमीटरचा चेंडू होतो आणि दोघांमध्ये पावणेबारा मीटरचं अंतर ठेवावं लागतं. चेंडू गुरुजींच्या टेबलावर ठेवला, तर मणी बहुतेक शाळांत व्हरांड्यात जाऊन पडेल. कुठल्याही पुस्तकाच्या पानावर हे मावणार नाही. म्हणून चित्राला खोटं बोलावंच लागतं. प्रश्न एवढाच, की ते कुठे आणि कशासाठी खोटं बोलतंय, याची मुलाला कल्पना दिली जाते का?

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्राच्या शिकवणीवर बरंच काम केलं. महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी प्रतिकृती आणि आकृती यांच्यामध्ये एक पायरी घातली : हातवारे. आधी पृथ्वीगोल हाताळायचा, मग स्वतःचं शरीर आणि हात वापरून फिरणं, कलणं, दिशा दाखवायच्या आणि त्यानंतर वहीत रेघा ओढायच्या. तीन मितींतली वस्तू सपाट कागदावर येताना जे हरवतं, ते अशा वेळी हात धरून ठेवतात. वर्गात गिरकी घेणारं पोर पाहून मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील कदाचित, पण कागदावरची आकृती त्या पोराला जास्त कळलेली असते.

पुस्तकात चित्रं घालण्याची कल्पना काही नवी नाही. अफझलखानाच्या वधाच्या आदल्या वर्षी, १६५८ मध्ये, न्यूरेम्बर्गला ‘ऑर्बिस पिक्टस’ हे पुस्तक छापलं गेलं. लेखक होते मोराव्हियाचे धर्मगुरू आणि शिक्षक योहान आमोस कोमेनियस. लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत, दीडशे पाठांत, जगातल्या वस्तू त्यांनी चित्रांसह मांडल्या. त्यातली खरी गंमत चित्रांपेक्षा आकड्यांत होती. चित्रातल्या प्रत्येक भागाला क्रमांक दिला होता आणि तोच क्रमांक मजकुरातल्या शब्दाला. मूल बोट चित्रावर ठेवतं, मग शब्दावर, मग पुन्हा चित्रावर. आज विज्ञानाच्या वहीत ‘नामनिर्देशित आकृती’ म्हणून जे काही निघतं, त्याच्याशी या पुस्तकाचं थेट नातं आहे.

चित्र नेमकं मदत कशी करतं, याचं नेटकं स्पष्टीकरण मात्र बऱ्याच उशिरा आलं. १९८७ मध्ये जिल लार्किन आणि अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले हर्बर्ट सायमन यांनी एक शोधनिबंध लिहिला. आकृती दहा हजार शब्दांच्या मोलाची असते, पण ‘कधीकधी’ असते, असं त्यांनी शीर्षकातच नोंदवून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की कप्प्यांचं गणित शब्दांत दिलं तर कोणती दोरी कुठे जाते हे शोधण्यातच डोकं खर्ची पडतं. आकृतीत एकत्र लागणारी माहिती एकमेकींच्या शेजारी असते. शोधाशोध वाचते. मात्र कुठे पाहायचं हे ठाऊक असणाऱ्याचीच. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी त्या नुसत्या रेघा.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोगही इथे आठवतात. सायकलचा पंप कसा चालतो, गाडीचे ब्रेक कसे लागतात, वीज कशी पडते अशा साध्या विषयांवर त्यांनी वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. मजकूर चित्राच्या लगत असला तर मुलं चांगलं शिकतात, दुसऱ्या पानावर गेला तर घसरण होते. वीज कशी पडते हे समजावताना, वीज पडून दगावलेल्या पोहणाऱ्यांचे किस्से आणि छायाचित्रं घातली, तर वाचणाऱ्याला मजा येते, पण वीज का पडते हे कमी लक्षात राहतं. आपल्याकडे पानाच्या कोपऱ्यात डोळे मिचकावणारं पेन्सिलीचं कार्टून, वरून ढग, खालून फुलपाखरं अशी आरास केल्याशिवाय पुस्तक ‘बालस्नेही’ झालं असं वाटत नाही. स्मार्ट टीव्हीवरच्या शैक्षणिक व्हिडिओंची गोष्ट तर याहून रंगीत आहे.

आता आलेखांकडे वळू. राज्याच्या आतापर्यंतच्या गणिताच्या अभ्यासक्रमात त्यांची चढती भाजणी आहे. प्राथमिक वर्गांत चित्रालेख, सहावी-सातवीत स्तंभालेख आणि जोडस्तंभालेख, आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेख, दहावीत आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख. प्रकारांची कमतरता नाही. पण बहुतेक उदाहरणांत कोणता आलेख काढायचा हे आधीच सांगितलेलं असतं, बऱ्याचदा प्रमाणही. विद्यार्थ्याकडे उरते ती कारागिरी. वृत्तालेखात भागिले एकूण गुणिले ३६० केलं, कोनमापक लावला, गुण मिळाले.

स्तंभालेखाचा जन्म कसा झाला, हे ऐकलं तर या कारागिरीत जीव येईल. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख छापत होते. वर्षावर्षांची आकडेवारी हाताशी होती, म्हणून रेषा काढता येत होती. स्कॉटलंडपाशी येऊन ते अडले. तिथले १७ देशांशी चाललेल्या व्यापाराचे आकडे फक्त एका वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा कशी ओढणार? मग त्यांनी प्रत्येक देशाला एकेक पट्टी दिली. याच गृहस्थांनी १८०१ मध्ये वृत्तालेखही आणला. म्हणजे आलेखाचा प्रकार ठरतो तो हातातल्या आकड्यांच्या जातीवरून. शाळेच्या अंगणात प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस मोजला, तर तो पट्ट्यांनी दाखवावा, कारण सोमवारचा पाऊस सोमवारी संपतो. तासातासाचं तापमान रेषेने दाखवावं, कारण दहा आणि अकराच्या मध्येही ते कुठेतरी असतंच. हा विचार मुलाकडून करून घेतला, तर सातवीतल्या पोरालाही तो जमतो.

वृत्तालेखाबद्दल एक कडवट गोष्टही सांगायला हवी. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं, की माणसाचा डोळा एकाच पट्टीवरची उंची उत्तम जोखतो, कोन जोखताना जास्त चुकतो आणि क्षेत्रफळात त्याहूनही फसतो. २३ टक्के आणि २७ टक्के हा फरक स्तंभांत चटकन दिसतो, वृत्तात डोळे बारीक करावे लागतात. तरी शाळांच्या अहवालांपासून वर्तमानपत्रांपर्यंत रंगीत वृत्तांचाच सुकाळ आहे.

आलेख चुकीचा वाचण्याचा एक प्रकार जगभर सापडतो. अंतर-काल आलेखाची रेषा वर चढून मग आडवी झाली, की मुलं सांगतात, ‘तो आधी डोंगर चढला, मग सपाटीवर चालला.’ खरं तर आडव्या रेषेच्या वेळी तो थांबलेला असतो. मूल आलेखाला देखावा समजलेलं असतं. नववीच्या विज्ञानात गतीच्या धड्यात हे आलेख येतात, पण तोवर दोन अक्षांचा अर्थ उलगडून सांगायला कुणाला सवड नसते.

यावर आंद्रेया डिसेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक सुरेख प्रयोग केला. १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहावीतल्या मोजक्या मुलांना त्यांनी एक गोष्ट दिली : वाळवंटातून एक माणूस भरधाव गाडी चालवतोय, तहानेने व्याकूळ झालाय, एक निवडुंग दिसतं, तो गाडी थांबवतो, पाणी पितो आणि हळूहळू पुन्हा निघतो. ही गती कागदावर दाखवा, एवढंच सांगितलं. कुणी ठिपके काढले, जवळजवळ म्हणजे हळू. कुणी रेघा तिरप्या केल्या. मग एकमेकांच्या खुणांवर वाद झाले : यात थांबला होता हे कळतं, पण किती वेळ ते कळत नाही, असे. काही तासिकांत ही मुलं आपल्या परिचयाच्या आलेखापर्यंत जवळपास स्वतःच पोचली. या मुलांना कोणती रेषा काय सांगते हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

इतिहासाच्या तासाला तर चित्ररूप साधनांची चैन करता येईल, आणि नेमकी तिथेच सर्वांत काटकसर दिसते. सनावळ्या पाठ करायच्या, बस्स. जोसेफ प्रिस्टली हे प्राणवायूच्या शोधासाठी ओळखले जातात. ते शिक्षकही होते आणि १७६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक तक्ता छापला. सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्यं त्यांनी काळाच्या पट्टीवर आडव्या रेघांनी दाखवली. जेवढं आयुष्य, तेवढी रेघ.

हाच खेळ मराठी वर्गात करून पाहावा. १ सेंटिमीटरला १० वर्षं असं प्रमाण घ्यायचं आणि रूढ सनांप्रमाणे रेघा ओढायच्या. नामदेव १२७० ते १३५०, म्हणजे ८ सेंटिमीटर. त्याखाली ज्ञानेश्वर १२७५ ते १२९६, जेमतेम २.१ सेंटिमीटर. ‘अल्पायुषी’ हा शब्द शंभरदा वाचून जे पोचत नाही, ते ही आखूड रेघ क्षणात पोचवते. पुढे पट्टी रिकामीच. एकनाथांचा जन्म १५३३ चा, म्हणजे नामदेवांची रेघ संपल्यावर १८ सेंटिमीटरहून जास्त कोरा कागद. मुलांच्या डोक्यात सगळे संत एकाच दिंडीत चालत असतात. ती समजूत या कोऱ्या जागेपाशी मोडते आणि प्रश्न सुरू होतात. या काळात इथे कोण राज्य करत होतं? कुणी काही लिहिलं की नाही? बहमनी राज्याची १३४७ मधली स्थापना आता आपोआप जागा शोधते.

त्याच पट्टीवर ज्ञानेश्वरीचं लेखन १२९० ला आणि एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ते १५८४ ला खूण करून दाखवावं. दोन खुणांमध्ये २९.४ सेंटिमीटर. पावणेतीनशेहून अधिक वर्षं हाताने नकला उतरत गेल्या, तर पाठभेद शिरणारच, हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. पुढे तुकाराम १६०८ ते १६५०, रामदास १६०८ ते १६८१ आणि शिवाजी महाराज १६३० ते १६८०. तिन्ही रेघा वीस वर्षं एकमेकींच्या वर-खाली चालतात. तुकारामांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ती रेघ तुटक काढली, तर इतिहासात सगळं ठाम नसतं, हेही त्याच कागदावर येतं. लागतो तो कॅलेंडरचा मागचा कोरा कागद आणि फूटपट्टी.

नकाशाचं दुखणं वेगळं. नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे आहेत : टिंब पद्धत, क्षेत्रघनी, समघनी. मुलं व्याख्या लिहितात. पण जिल्हावार लोकसंख्येचा रंगवलेला नकाशा समोर आला, की डोळा मोठ्या क्षेत्राकडेच ओढला जातो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत सुमारे १०.७ लाख माणसं होती आणि जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३.५ लाखांहून अधिक माणसं, आणि जागा साडेचारशे चौरस किलोमीटरही नाही. राज्याच्या नकाशात उपनगर जिल्हा टाचणीच्या डोक्याएवढा. हाच नकाशा टिंबांनी काढायला दिला, तर त्या टाचणीच्या डोक्यात टिंबं कशी बसवायची, यावर मुलं हैराण होतील. व्हायलाच हवीत. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड भारताहून मोठं दिसतं, तेही विचारावं. खरं तर भारतच त्याच्या सुमारे दीडपट आहे. १५६९ मधला मर्केटरचा नकाशा जहाजांना दिशा दाखवण्यासाठी होता, देशांची मापं काढण्यासाठी नव्हता.

मराठीच्या पेपरातही आता आकृत्या आहेत. दहावीला २०१९ च्या परीक्षेपासून कृतिपत्रिका आली. ‘आकृती पूर्ण करा’, ‘चौकटी पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’. घोकंपट्टी मोडायचा हेतू चांगला होता. पण मध्ये एक गोल, त्याला चार बाण आणि टोकाला चार रिकाम्या चौकटी यांत आकृती म्हणून काय आहे? बाण काढून टाकले आणि ‘चार वैशिष्ट्ये लिहा’ म्हटलं, तरी उत्तर तेच येतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात संकल्पनाचित्राची पद्धत घडवली, तेव्हा त्यांचा भर रेघेवर होता. ‘जंगल’ आणि ‘पाऊस’ यांना नुसतं जोडून भागत नाही. त्या रेघेवर ‘जमिनीत मुरवतं’, ‘कमी झालं तर ओढ्याला पूर येतो’ असं काहीतरी लिहावंच लागतं. ते लिहिताना मूल अडतं. शिक्षकाला त्याच्या डोक्यातला घोळ तिथेच सापडतो. आपण गोल आणि बाण घेतले, रेघेवरचे शब्द मात्र सोडून दिले.

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बोलक्या भिंतींचंही असंच. दिल्लीतले वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ संस्थेने ‘बाला’ ही कल्पना विकसित केली. शाळेची इमारतच शैक्षणिक साधन व्हावी, अशी ती कल्पना. तिचं सर्वांत देखणं उदाहरण दाराखाली असतं : दार उघडताना फरशीवर जो चाप रेखला जातो, तिथे कोन रंगवायचे. दार ढकललं की ३०, ६०, ९० अंश. कोन म्हणजे फिरणं, हे दार रोज सांगतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालवले, तेव्हा फरशी हीच मुलांची पाटी झाली. ठिकठिकाणचे शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि ठिकठिकाणी फरश्या रंगल्या. रंगाऱ्याला रंगवता येतं ते चित्र. त्याभोवती बसून मुलांनी करायच्या खटपटी रंगाच्या डब्यातून येत नाहीत. जिथे शिक्षकाने त्या केल्या, तिथे फरशीचा रंग मुलांच्या पायांनी झिजला. इतरत्र तो अजून नवा दिसतो, आणि तपासणीला आलेले साहेब खूश होतात.

जर्नलांची कथा त्याहून जुनी. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी पाहायला मुलं सूक्ष्मदर्शकावर रांग लावतात. खाली दिसतात हवेचे काळ्या कडांचे बुडबुडे, दुमडलेला पापुद्रा, कुठेतरी पेशी. जर्नलात मात्र पुस्तकातल्या विटांच्या भिंतीसारख्या पेशी येतात, सुबक आणि नामनिर्देशित. बुडबुडा काढणाऱ्याचे गुण जातात. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शॅरन एन्सवर्थ, व्हॉन प्रेन आणि रसेल टायटलर यांनी लिहिलं, की विज्ञानात चित्र काढणं हे वाचन-लेखनाइतकंच मूलभूत मानायला हवं, कारण शास्त्रज्ञ चित्र काढून विचार करतात. चित्र काढताना काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं म्हणजेच निरीक्षण. नक्कल काढताना हा निर्णय आधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो.

या सगळ्याची खरी परीक्षा होते ती दिसत नसलेल्या मुलांच्या वर्गात. दिल्ली आयआयटीतून निघालेलं ‘रेझ्ड लाइन्स फाउंडेशन’ उठावाच्या आकृत्या तयार करतं. बोटाला डोळ्याइतकं बारीक कळत नाही, म्हणून छापील आकृती तशीच उठवून चालत नाही. सावल्या जातात, शोभेच्या रेघा जातात, एकमेकींवरून जाणारे बाण वेगळे करावे लागतात, गर्दी झालेली आकृती दोन आकृत्यांत तोडावी लागते. हृदयाचं चित्र असं सोलत गेलं, की पुस्तकातल्या मूळ चित्रात किती पसारा होता ते उघडं पडतं. डोळस मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार आणि संपादक यांनी या उठावाच्या पानांवरून एकदा बोट फिरवून पाहावं. लाल-हिरवा रंग वेगळा न ओळखणारी मुलंही वर्गात असतात, मुलग्यांमध्ये अधिक. निव्वळ या दोन रंगांवर उभा असलेला नकाशा त्यांना कोरा असतो. रंगाच्या जोडीला रेघा किंवा ठिपके दिले, तर छपाईचा खर्च वाढत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल. गणिताच्या शिक्षकांनी एका तासाला नुसते आकडे द्यावेत आणि कोणता आलेख, का, एवढंच विचारावं. इतिहासाच्या शिक्षकांनी फूटपट्ट्या आणायला सांगाव्यात. विज्ञानाच्या शिक्षकांनी बुडबुड्यालाही गुण द्यावेत. आणि मंडळाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एक प्रश्न, दोनच गुणांचा का होईना, असा घालावा, ज्यात आकृती छापलेली असेल आणि तिच्यात काय मुद्दाम चुकीच्या प्रमाणात दाखवलं आहे, हे मुलाने सांगायचं असेल. परीक्षेत विचारलेलं वर्गात शिकवलं जातं, हा आपल्या शाळांचा जुना रिवाज आहे. तो या कामी वापरून घ्यावा.